पिशवीच्या तळाशी उरलेला गाळ आणि ज्युडिथ पूल

गुडघा खरचटला की थोडं रक्त येतं आणि थांबतं. हिमोफिलिया असलेल्या मुलाचं मात्र तसं नसतं. त्याच्या सांध्यात आतल्या आत रक्त साचतं, सांधा सुजतो आणि वारंवार असं झालं तर कायमचा आखडतो. यातल्या बहुतेक रुग्णांच्या रक्तात गुठळी धरायला लागणारं 'फॅक्टर ८' हे प्रोटीन कमी असतं.

१९६० च्या आसपास यावर उपाय होता ताजं रक्त किंवा प्लाझ्मा चढवणं. पण पुरेसा फॅक्टर मिळायचा तर इतका प्लाझ्मा चढवावा लागे की हृदयावर ताण यायचा.

हे चित्र बदललं ज्युडिथ ग्रॅहम पूल यांनी.

जन्म १९१९ चा, न्यूयॉर्कचा. दोन मुलांना सांभाळत त्यांनी १९४६ मध्ये शिकागो विद्यापीठातून शरीरक्रियाशास्त्रात पीएचडी केली. पुढे त्या कॅलिफोर्नियाला गेल्या आणि १९५३ पासून स्टॅनफर्डच्या मेडिकल स्कूलमध्ये रक्तावर संशोधन करू लागल्या.

त्यांचं मुख्य काम होतं फॅक्टर ८ मोजण्याचं. आता हे मोजतात कसं? फॅक्टर ८ नसलेला प्लाझ्मा घ्यायचा, त्यात नमुना मिसळायचा आणि गुठळी व्हायला किती सेकंद लागतात ते बघायचं. गुठळी जितकी लवकर, तितका फॅक्टर जास्त. एक मिलिलिटर सामान्य प्लाझ्मात जितका फॅक्टर असतो, त्याला एक युनिट धरतात.

याच मोजणीतून शोध लागला. फ्रीझरमध्ये गोठवलेला प्लाझ्मा थंडीतच, साधारण ४ अंशांवर, हळूहळू वितळवला की तळाशी थोडा गाळ उरतो. पूल यांनी तो तपासला, तर फॅक्टर ८ चा मोठा वाटा त्यातच सापडला! १९६४ मध्ये 'नेचर'मध्ये हे प्रसिद्ध झालं.

या गाळाचं नाव क्रायोप्रेसिपिटेट. वरचा प्लाझ्मा काढून घेतला की हातात राहतो थोड्याशा द्रवात भरपूर फॅक्टर. १९६५ मध्ये त्यांनी रक्ताच्या बंद पिशव्यांमध्येच तो तयार करण्याची पद्धत दिली. त्यामुळे मोठ्या कारखान्याची गरज उरली नाही, साधी रक्तपेढीही तो बनवू शकत होती. ज्या शस्त्रक्रिया करायला डॉक्टर धजावत नसत, त्या होऊ लागल्या.

एवढं करूनही स्टॅनफर्डने त्यांना पूर्ण प्राध्यापकपद दिलं ते थेट १९७२ मध्ये. विज्ञानातल्या स्त्रियांना संधी मिळावी म्हणूनही त्या झटल्या. १९७५ मध्ये ब्रेन ट्यूमरने त्यांचं निधन झालं. वय होतं फक्त ५६.

पुढे शुद्ध फॅक्टरची इंजेक्शनं आली आणि हिमोफिलियासाठी आज तीच आधी वापरतात. पण ती मिळत नाहीत तिथे आजही क्रायोची पिशवीच कामाला येते. भारतातल्या रक्तपेढ्याही ती बनवतात.