शस्त्राचा हक्क आणि डॉ. आंबेडकर

दहिसरचा नाका ओलांडला की मुंबईची हद्द संपते आणि मीरा-भाईंदरची सुरू होते. मिठागरे, भातशेती आणि कोळीवाडे यांची ही भूमी दोन पिढ्यांच्या अवधीत आठ लाखांहून अधिक वस्तीचे शहर झाली. शेजारच्या दारावरील पाटी वाचूनच शेजाऱ्याची ओळख व्हावी, अशा या शहरात भीतीला निमित्त लागत नाही. पण २०२४ सालाने ती निमित्तेही पुरविली. जानेवारीत मीरा रोडच्या नयानगर भागात दोन गटांत संघर्ष झाला. फेब्रुवारीच्या आरंभी उल्हासनगरच्या एका पोलिस ठाण्यात गोळीबार होऊन एका आमदाराला अटक झाली, आणि त्यानंतर सहाच दिवसांनी दहिसरला एका माजी नगरसेवकाची गोळ्या घालून हत्या झाली. या दोन्ही ठिकाणी वापरले गेलेले शस्त्र परवान्याचे होते, असे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले.

अशा घटनांनंतर सभ्य, पापभीरू माणूसही म्हणू लागतो की, गुंडाकडे कट्टा असतो, पुढाऱ्याकडे अंगरक्षक असतो, मग माझ्याच घरी रिव्हॉल्व्हर का नसावे? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो आजचाही नाही. आपल्या घटनेच्या उंबरठ्यापर्यंत तो एकदा येऊन गेला आहे, आणि ज्या पुरुषाने त्याला तेथून परत पाठविले, त्याच्याइतके असुरक्षिततेचे चटके सोसलेला दुसरा मनुष्य त्या सभागृहात क्वचितच असेल. म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र या एका दृष्टीने पुन्हा पाहणे अगत्याचे वाटते.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला. आजोबा मालोजी कंपनीच्या पलटणीत होते; वडील रामजी सुभेदार हुद्द्यापर्यंत चढले आणि लष्करी शाळेत शिक्षक झाले. रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडव्याच्या या कुटुंबाला गावात जो मान मिळणे शक्य नव्हते, तो पलटणीने दिला होता. लिटनच्या राजवटीत, १८७८ साली, हत्यारांचा कायदा झाला. परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले, युरोपियनांना मात्र सूट राहिली. या अपमानाविरुद्ध आपल्या पुढाऱ्यांनी केलेला आक्रोश सर्वश्रुत आहे. पण त्यानंतर पंधराएक वर्षांतच महारांची सैन्यभरती बंद झाली, लढवय्या जातींच्या नव्या शास्त्राचा आधार घेऊन एका समाजाच्या हातची बंदूक काढून घेण्यात आली, त्याबद्दलचा आक्रोश फारसा कोणी ऐकला नाही. दापोलीच्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्यासाठी विनंतीअर्ज तयार केला होता. म्हणजे निःशस्त्रीकरण काय असते, हे भीमरावांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

परदेशचे शिक्षण अर्धवट ठेवून ते १९१७ साली बडोद्याला रुजू झाले. नेमणूक लष्करी सचिवाच्या खात्यात, पण गावात राहायला जागा कोणी देईना. अखेर पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत त्यांनी आसरा घेतला. काही दिवसांतच हातात काठ्या घेतलेले दहाबारा लोक जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडण्यास त्यांनी बजावले. दोन मित्रांकडे चौकशी केली, तर दोघांनीही सबबी सांगितल्या. लष्करी खात्यातील हा उच्चशिक्षित अधिकारी मुंबईची गाडी सुटेपर्यंत कमाठीबागेत बसून राहिला. त्या वेळी त्यांच्या खिशात पिस्तूल असते तर काय झाले असते? एक खोली कदाचित आणखी एक रात्र मिळाली असती. एक खून झाला असता हे मात्र संभवनीय आहे.

याहून कठीण प्रसंग महाडला आला. २० मार्च १९२७ रोजी परिषदेच्या प्रतिनिधींनी बाबासाहेबांच्या मागोमाग चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले. ते तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने आधीच केलेला होता. तरीही हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली आणि लाठ्या घेतलेला जमाव मंडपावर चालून गेला. लोक जेवत होते. अन्न मातीत गेले, माणसे रक्तबंबाळ झाली. काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. डाकबंगल्यापाशी जमलेल्या कार्यकर्त्यांत पेन्शनीतले सैनिक होते. शिस्त, संख्या आणि संताप या तिन्ही गोष्टी त्यांच्यापाशी होत्या. केवळ एका शब्दाची खोटी होती. तो शब्द बाबासाहेबांनी उच्चारला नाही. त्यांनी आपल्या माणसांना आवरले, जखमींची व्यवस्था लावली आणि हल्लेखोरांना न्यायालयात खेचले.

हा भेकडपणा होता असे कोणी म्हणेल काय? तेच बाबासाहेब त्याच वर्षी डिसेंबरात सत्याग्रहासाठी पुन्हा महाडला उभे राहिले. न्यायालयाचा मनाई हुकूम आला तेव्हा हजारो लोक तळ्यावर जाण्यास सिद्ध असताना त्यांनी तो पाळला. तळ्याचा अंतिम निकाल मुंबईच्या उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिला. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे! कायद्याची ही गोगलगाय ज्याने सोसली, त्याला कायदा किती मंद असतो हे इतरांनी सांगण्याची गरज नव्हती.

शस्त्राविषयी त्यांना विटाळ होता असेही नाही. पहिल्या महायुद्धात उभारलेली महार पलटण १९२१ मध्ये मोडण्यात आली होती. दुसऱ्या महायुद्धात संरक्षण सल्लागार समितीवर आल्यावर त्यांनी या अन्यायाचा पाठपुरावा केला, आणि १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. बंदूक त्यांना हवी होती. पण ती गणवेषातील, हुकमाखालील आणि जबाबदार हातातील.

मग डिसेंबर १९४८ आला. गांधीजींची पिस्तुलाने हत्या होऊन अकरा महिनेही झाले नव्हते. घटनासमितीत हरी विष्णू कामथ यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली. कामथ हे सनदी नोकरी सोडून नेताजींच्या मागे गेलेले बाणेदार गृहस्थ. आणि १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात हा हक्क, नियमांच्या अधीन राहून का होईना, नमूद होता हे त्यांचे म्हणणे खरेच होते. बाबासाहेबांनी उत्तर दिले ते असे की, कराचीचा ठराव परक्या सत्तेच्या काळातला होता. प्रत्येकाला बाजारात जाऊन हवे ते मारक साधन निर्वेधपणे विकत घेता येऊ लागले तर राज्य चालणार कसे? त्यांच्या मते आग्रह धरायचा तो शस्त्राच्या हक्काचा नव्हे, तर राष्ट्रावर संकट आले असता शस्त्र उचलण्याच्या कर्तव्याचा. दुरुस्ती फेटाळली गेली. शस्त्रास्त्रे हा विषय केंद्राच्या सूचीत गेला. एकोणिसाव्या अनुच्छेदात शस्त्राचा उल्लेख राहिला तो इतकाच की, नागरिकांना शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क आहे. शिखांच्या कृपाणाला पंचविसाव्या अनुच्छेदात वेगळे स्थान मिळाले.

यावर एक आक्षेप बिनतोड वाटतो. कायदा फक्त कायदा पाळणाऱ्याचेच हात बांधतो, गावठी कट्टेवाला परवान्याची वाट पाहत नाही, असे म्हणतात. हे सत्य आहे. पण त्याचे उत्तर कट्टा शोधून काढणाऱ्या पोलिसाकडे मागायचे की शेजाऱ्याने घेतलेल्या दुसऱ्या पिस्तुलाकडे, हा खरा वाद आहे. दुर्बळांच्या बाबतीत आपल्या कायद्याने पुढे एक विचारपूर्वक वाट काढली. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील १९९५ च्या नियमांत अत्याचाराचा धोका असलेल्या भागासाठी तरतूद आहे: गरज पडल्यास अनुसूचित जाती-जमातींबाहेरील व्यक्तींचे शस्त्रपरवाने रद्द करावेत, बेकायदा शस्त्रे जप्त करावीत, आणि आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्यावेत. या तरतुदींचा क्रम माझ्या मते फार बोलका आहे. आधी दांडग्याचे शस्त्र काढायचे. दुर्बळाला शस्त्र देणे त्यानंतरचे.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले, तेव्हा लिटनच्या काळातलाच कायदा चालू होता. १९५९ साली नवा झाला, १९६२ पासून तो अमलात आला, आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाच्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली. मीरा-भाईंदरच्या रहिवाशाचा अर्ज आता १ ऑक्टोबर २०२० पासून सुरू झालेल्या मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलिस आयुक्तालयात जातो. तेथे त्याला आपल्या जिवाला धोका का आहे हे पटवून द्यावे लागते, चौकशीला तोंड द्यावे लागते. आणि निवडणूक जाहीर झाली की हीच परवान्याची शस्त्रे, छाननी करून, पोलिस ठाण्यात जमा करून घेतली जातात.