वहीतला शेरा

बँकेत मी बरीच वर्षं शेतीकर्जं पाहिली. वसुलीला एका गावात गेलो, की आमची जीप दिसताच एक शेतकरी मागच्या दाराने निघून जायचा. पुढे तो पारावर येईनासा झाला, देवळातही दिसेना. मी वहीत टाळाटाळ असा शेरा मारला आणि पुढच्या घराकडे वळलो.

निवृत्तीनंतर फ्रीडरिश रायफायझेन यांचं चरित्र वाचलं आणि तो शेरा मला टोचू लागला. ग्रामीण सहकारी पतपेढ्यांचे हे जनक. बँकेच्या परीक्षेसाठी नाव पाठ केलं होतं. माणूस राहून गेला होता.

जर्मनीतल्या हाम गावी १८१८ साली त्यांचा जन्म झाला. डोळ्यांच्या दुखण्याने सैन्यातली नोकरी सुटली. १८४५ मध्ये वायरबुश परिसराचा कारभार त्यांच्याकडे आला आणि पाठोपाठ १८४६-४७चा उपासमारीचा हिवाळा. त्यांनी सधनांकडून पैसे उभे केले, धान्य आणलं, भट्टी बांधली आणि गरिबांना उधारीवर पाव दिला. १८४९ मध्ये फ्लामर्सफेल्ड इथे शेतकऱ्यांना हप्त्यांवर गुरं मिळवून दिली, म्हणजे सावकाराची पायरी चढायला नको.

१८६३ मध्ये पत्नी गेली. १८६५ मध्ये नोकरी सुटली. दृष्टी मंदावत गेली, तेव्हा मुलगी अमाली त्यांचे डोळे झाली. एकट्याने ओझं वाहणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

श्रीमंतांचं दान टिकत नाही, हे ओळखून १८६४ मध्ये हेडेसडोर्फला त्यांनी कर्जदारांचीच पेढी काढली. एकाच्या कर्जाला सगळे जामीन. शेजारीच वसुलीदार होण्याचा धोका त्यात होता. पण शेजाऱ्याची चौकशी करणं हे प्रत्येकाचं कामही झालं. १८८८ मध्ये ते गेले. आपल्याकडे १९०४च्या कायद्याने या धर्तीच्या पतसंस्था आल्या. नियम आले, चौकशी मात्र बऱ्याच ठिकाणी मागे राहिली.

गेल्या दिवाळीनंतर मी त्या शेतकऱ्याकडे गेलो. थकलाय, पण आहे. त्या वर्षी काय होत होतं, असं विचारलं. झोप उडाली होती, घास उतरत नव्हता, माणूस दिसला की छातीत धडधडायचं, असं तो म्हणाला. शेवटी मेहुण्याने हात धरून डॉक्टरकडे नेलं.

मेहुण्याला जे दिसलं, ते मला दिसलं नव्हतं. आपल्या गावात कुणी पारावर येईनासा झाला असेल, तर आजच त्याच्या घरी जा. कर्जाचा विषय नंतर काढा.