समुद्रपक्ष्यांच्या शोधातील ह्यूम

भिवंडी (प्रतिनिधी) - जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा जोर धरतो आणि खोल समुद्रावर आयुष्य काढणारे पक्षी किनाऱ्याकडे लोटले जातात. वारा फिरला की थकलेला एखादा बूबी किंवा सुरय थेट खाडीत शिरतो. भिवंडीहून वसई-अर्नाळ्याचा किनारा काही फार लांब नाही. हौशी पक्षीनिरीक्षकांसाठी हे दिवस पर्वणीचे. त्यांना भुरळ घालणाऱ्या दुर्मिळ पाहुण्यांपैकी एक म्हणजे पर्शियन शिअरवॉटर. ताठ पंखांनी लाटांना जवळजवळ चाटून जाणाऱ्या या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिले ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी. होय, काँग्रेसचे संस्थापक ह्यूम तेच!

१८२९ साली जन्मलेले ह्यूम १८४९ मध्ये सनदी नोकरीनिमित्त हिंदुस्थानात आले. १८५७ च्या धामधुमीत ते इटाव्याचे जिल्हाधिकारी होते. पुढे महसूल व शेती खात्याचे सचिवपद मिळाले, पण स्पष्टवक्तेपणा सरकारला मानवला नाही आणि १८७९ मध्ये ते पद गेले. नोकरीतील हे चढउतार एकीकडे. त्यांचा खरा जीव पक्ष्यांत होता. सिमल्याच्या बंगल्यात त्यांनी पक्ष्यांचे अफाट संग्रहालय उभारले आणि 'स्ट्रे फेदर्स' हे नियतकालिक चालविले.

समुद्रपक्ष्यांसाठी ते मकरानच्या किनाऱ्यावर हिंडले. १८७५ मध्ये लक्षद्वीपच्या सफरीत त्यांनी वेंगुर्ल्यासमोरील खडकाळ बेटांनाही भेट दिली. तेथे सुरय पक्षी पावसाळ्यात विणीसाठी येतात आणि नेमक्या त्याच काळात खवळलेला समुद्र होडी लागू देत नाही. ह्यूम पोहोचले ते कोरड्या दिवसांत. मागे उरलेल्या अवशेषांवरून त्यांना पावसाळ्यातील वसाहतीचा अंदाज बांधावा लागला. विणीच्या काळात वेंगुर्ल्याच्या बेटांवर जाणे आजही सोपे नाही.

हिंदुस्थानातील सर्व पक्ष्यांवर एक महाग्रंथ लिहावा, ही त्यांची मनीषा. त्यासाठी सुमारे पंचवीस वर्षांची टिपणे साठली होती. एका हिवाळ्यात ते सिमल्याबाहेर असताना घरातील नोकराने ती हस्तलिखिते बाजारात रद्दीच्या भावाने विकून टाकली. पुड्या बांधायला गेलेले ते कागद परत मिळणे शक्यच नव्हते. ह्यूम खचले. ग्रंथाचा विचार त्यांनी सोडला, हाती राहिलेली टिपणे यूजीन ओट्स यांच्या स्वाधीन केली आणि १८८५ साली कातडी व अंडी मिळून सुमारे ८२ हजार नमुने ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकले. या संग्रहासाठी हजारो पक्ष्यांवर बंदूक चालविणारे ह्यूम तोपर्यंत शाकाहारी झाले होते, ही गोष्टही नमूद करायला हवी.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत महाविद्यालयात काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. इतिहासाला पक्षीतज्ज्ञ ह्यूम मग फारसे आठवले नाहीत. १९१२ साली लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.