तंट्या भिल्ल : पेपरात गाजलेला दरोडेखोर

किन्हीराजाला एसटीची वाट पाहता पाहता पेपर उघडावा, तर दोन-चार दिवसांआड कुण्या डॉनचा फोटो दिसतोच. त्याच्या आईचं दुःख, त्याने लावून दिलेली गरिबाघरची लग्नं, सगळं सविस्तर. ज्याचं घर फुटलं त्याचं नाव मात्र शोधावं लागतं. ही रीत आजची नव्हे. आपल्या सातपुड्यापलीकडच्या तंट्या भिल्लाच्या वाट्याला ती १८८९ सालीच आली.

तंट्या जन्मला १८४०च्या सुमारास, खंडव्याकडच्या निमाडात. बाप गेला, सारा थकला आणि जमीन हातची गेली. जमीन जाणं म्हणजे काय, हे वऱ्हाडातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. १८७४मध्ये तो पहिल्यांदा तुरुंगात गेला. गुन्हा काय, तर पोटापाण्याचं सरळ साधन नाही! १८७८मध्ये पुन्हा पकडला गेला, पण तीन दिवसांत खंडव्याच्या तुरुंगातून पळाला. मग अकरा वर्षं निमाड, होशंगाबाद, खानदेश असा मुलूख त्याने हलवून सोडला. सावकार-मालगुजाराला लुटावं, गरिबाला द्यावं, म्हणून लोक त्याला मामा म्हणत. ते प्रेम काही पेपरवाल्यांनी दिलेलं नव्हतं.

पण दुसरी बाजूही आहेच. त्याच्यावर दरोड्यांसोबत खुनाचेही आरोप होते. शिवाय दरोडा पडला की पोलीस आधी गरिबाचीच झोपडी झाडणार. आसरा दिल्याच्या संशयावरून कितीतरी माणसं गजाआड गेली. त्यांची लेकरं कुणी सांभाळली, याची बातमी कोण छापतो?

तंट्याचा घात घरातूनच झाला. १८८९च्या राखीच्या सणाला तो मानलेल्या बहिणीकडे गेला आणि तिचा नवरा गणपत याने त्याला पकडून दिलं. खटला जबलपूरला चालला, ऑक्टोबरात फाशीची शिक्षा झाली. १० नोव्हेंबरला 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्याला हिंदुस्थानचा रॉबिन हूड ठरवलं. रॉबिन हूड म्हणजे इंग्लंडच्या गोष्टीतला, श्रीमंताला लुटून गरिबाला देणारा दरोडेखोर. कुठं निमाड आणि कुठं अमेरिका! नाव मात्र पक्कं चिकटलं. आजही तंट्यावर लिहायचं म्हटलं की पहिल्या ओळीत तेच येतं. त्या एका नावात थकलेला सारा मावत नाही आणि लुटलेलं घरही मावत नाही.

आणखी एक. खंडणी उकळणाऱ्या आजच्या भाईला तंट्याच्या पंगतीला बसवण्याची जी हौस आहे, ती तर मुळीच पटत नाही. तंट्याची जमीन खरोखर गेली होती.

४ डिसेंबर १८८९ला जबलपुरात त्याला फाशी दिलं. त्याचा देह महूजवळच्या पाताळपाणी स्टेशनाकडे टाकला, असं लोक सांगतात. तिथं त्याचं ठाणं आहे. निमाडचे भिल्ल आजही तिथं मामाला नारळ फोडतात.