विश्लेषण : ब्रिजचे गणित मांडणारे एमिल बोरेल कोण होते?

१९४० मध्ये पॅरिस जर्मन फौजांच्या हाती पडले. त्याच वर्षी तेथे ब्रिज या पत्त्यांच्या खेळावर एक जाडजूड गणिती ग्रंथ प्रसिद्ध झाला. लेखक दोन : फ्रान्सचे माजी बुद्धिबळ विजेते आंद्रे शेराँ आणि सत्तरीला टेकलेले गणिती एमिल बोरेल.

जडणघडण कशी झाली?

बोरेल यांचा जन्म ७ जानेवारी १८७१ रोजी दक्षिण फ्रान्समधील सेंत-आफ्रिक येथे झाला. बाविसाव्या वर्षीच ते लील विद्यापीठात शिकवू लागले. संच आणि मापन यांवरील कामाने नाव झाले. पहिल्या महायुद्धात दत्तक मुलगा मारला गेला. पुढे ते राजकारणात उतरले आणि १९२५ मध्ये काही महिने नौदलमंत्रीही झाले. मात्र जुगाऱ्यांचा विषय म्हणून अनेकांनी नाक मुरडलेल्या संभाव्यताशास्त्राला त्यांनी अंतर दिले नाही.

ब्रिजच का?

कारण इथे माहिती अर्धवट असते. ५२ पत्त्यांतून एका खेळाडूच्या हाती येऊ शकणाऱ्या १३ पानांचे प्रकारच ६३ हजार ५०० कोटींहून अधिक. ग्रंथात पत्ते पिसण्याचेही गणित आहे. दोनदा पिसून पाने वाटणाऱ्यांनी ते जरूर पाहावे!

बचाव करणाऱ्याला स्वतःची आणि डमीची मिळून २६ पाने दिसतात. उरलेली २६ भिडू आणि डिक्लेअरर यांच्यात विभागलेली. बदामाचा राजा दिसत नाही; तो कुणाकडे? काहीच ठाऊक नसेल तर शक्यता निम्मी-निम्मी. पण बोलीवरून भिडूकडे सहा इस्पिक असल्याचे कळले आणि तुमच्या व डमीच्या हातात मिळून पाच दिसत असतील, तर डिक्लेअररकडे दोन. म्हणजे भिडूच्या हातात सात अज्ञात पाने, डिक्लेअररच्या हातात अकरा. राजा डिक्लेअररकडे असण्याची शक्यता अठरात अकरा, सुमारे ६१ टक्के. भिडूकडे राजा असेल या भरवशावर बदामाची उतारी करण्याआधी हा हिशेब हवा. डिक्लेअररची बोली ताकदीची असेल, तर पारडे आणखी झुकते.

गणित कुठे थांबते?

१९२१ पासूनच्या टिपणांत बोरेल यांनी वेगळाच धागा पकडला होता : समोरचाही डोके चालवतो, तेव्हा ठरावीक चाल घातक ठरू शकते. एखाद्या रंगात तुमच्याकडे फक्त राणी आणि गुलाम आहेत. डिक्लेअररने एक्का टाकला. कोणतेही पान दिले तरी तुमचे नुकसान सारखेच. पण तुम्ही नेहमी राणीच देत असाल, तर एखाद्या दिवशी तुमचा गुलाम पडताच डिक्लेअरर ओळखेल, की राणी तुमच्याकडे नाही. म्हणून कधी हे, कधी ते, आणि तेही कोणताही क्रम न ठेवता. अशा मिश्र डावपेचांचा सर्वसाधारण सिद्धांत १९२८ मध्ये जॉन फॉन नॉयमन यांनी सिद्ध केला आणि श्रेयही बहुतांशी त्यांच्याकडे गेले. बोरेल यांना तो सर्वत्र लागू पडेल याची खात्री नव्हती. इथे त्यांचा अंदाज चुकला.

अखेर कशी झाली?

१९४१ मध्ये जर्मनांनी बोरेल यांना अटक केली. काही आठवड्यांनी सुटका झाल्यावर ते प्रतिकार चळवळीत राहिले. ३ फेब्रुवारी १९५६ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.