चित्रकार राजा

एन.एस.एस.चं हिवाळी शिबिर आठवतंय ना? राजूरजवळची ती आश्रमशाळा, सकाळची हाडं गोठवणारी थंडी आणि परतताना बसमध्येच संपवलेले राजूरचे पेढे! त्याच शिबिरात एका दुपारी पाचवी-सहावीच्या मुलांचा चित्रकलेचा तास माझ्या वाट्याला आला. कागद वाटले, खडू वाटले आणि सांगितलं की आपल्या गावाचं चित्र काढा. अर्ध्या तासाने कागद गोळा केले, तर सगळ्यांचं गाव एकच! दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक नदी, एक कौलारू घर आणि चार आकड्यासारखे पक्षी. खिडकीबाहेर खरा सह्याद्री उभा होता, काळ्या कड्यांचा, पायऱ्यापायऱ्यांचा. त्यातला एकही डोंगर कागदावर उतरला नव्हता.

हसायचा मला अधिकार नव्हता. कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं मीही तेच दोन डोंगर काढले. आठवीनंतर ड्रॉइंगचा तास गणिताच्या पोर्शनने खाल्ला. कलेचा इतिहास म्हणाल, तर अजिंठा म्हणजे दोन मार्कांची टीप, बस्स!

होस्टेलवर परत आल्यावर लायब्ररीत या विषयावर शोधाशोध केली, तेव्हा एका माणसाची ओळख झाली. हा माणूस चित्रकार होता आणि चक्क राजाही होता. त्यांचं नाव भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी, औंधचे राजे. (पुण्याचं औंध नव्हे हं! हे सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं.)

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधून ते बी. ए. झाले आणि १९०९ मध्ये औंधच्या गादीवर आले. संस्थान किती मोठं? अवघी ७२ गावं, तीही सलग नाहीत, आणि बराचसा मुलूख दुष्काळी. अशा संस्थानाच्या राजाने शिकार आणि मोटारी यांत आयुष्य घालवलं असतं तरी कुणाला नवल वाटलं नसतं. पण यांच्या हातात ब्रश होता. सूर्यनमस्कार, कीर्तन आणि चित्रकला हे त्यांचे तीन नाद. सूर्यनमस्कार तर त्यांनी संस्थानातल्या शाळाशाळांतून सुरू केले.

आपल्या ब्रँचवाल्यांसाठी इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुळात मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकार व्हायला गेले होते. काही रंग नीट ओळखू येत नाहीत हे लक्षात आल्यावर त्यांनी रंग सोडले आणि मेकॅनिकल ड्रॉइंग धरलं. पुढे ते व्ही.जे.टी.आय.मध्ये तोच विषय शिकवत. बेळगावची जागा सोडायची वेळ आली तेव्हा त्यांना कारखान्यासाठी माळरान दिलं ते बाळासाहेबांनी. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. एक चित्रकार राजा आणि एक चित्रकला सोडलेला कारखानदार! ई.डी.च्या शीटला शिव्या घालताना हे जरूर आठवावं.

१९१६ मध्ये बाळासाहेबांचं 'चित्ररामायण' प्रसिद्ध झालं. रामकथेचे प्रसंग त्यांनी स्वतः रंगवले होते. ज्याला वाचता येत नाही त्यालाही हे पुस्तक उघडून पाहता येत होतं. पुढे पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली. ही आवृत्ती सचित्र व्हावी ही त्यांची इच्छा. त्यासाठी त्यांनी चित्रंही काढली. आता प्रश्न आला की पात्रांना कपडे कोणते घालायचे? त्या काळी कॅलेंडरवरच्या सीता-द्रौपदी सर्रास नऊवारीत असायच्या. बाळासाहेब मात्र उत्तर शोधायला जुन्या शिल्पांकडे आणि अजिंठ्याच्या भिंतींकडे गेले. मला वाटतं कलेचा इतिहास शिकणं म्हणजे नेमकं हेच. सनावळ्या पाठ करायच्या नाहीत. आपल्याला एक चित्र काढायचंय, ते नीट काढता यावं म्हणून आधीच्यांनी काय केलं ते जाऊन बघायचं. या बघण्यातूनच त्यांनी वेरूळवर १९२९ मध्ये आणि अजिंठ्यावर १९३२ मध्ये इंग्रजीत पुस्तकं काढली.

त्यांचं सगळ्यात मोठं काम मात्र औंधच्या यमाईच्या डोंगरावर आहे. १९३८ मध्ये तिथे त्यांनी श्री भवानी संग्रहालयाची इमारत बांधली आणि आयुष्यभर जमवलेलं सगळं तिथे मांडलं. राजा रविवर्मांची अस्सल तैलचित्रं, धुरंधरांची चित्रं, बंगाल शैलीची चित्रं, किरातार्जुनीयाच्या कथेवरची पहाडी लघुचित्रं, युरोपातल्या गाजलेल्या कलाकृतींच्या प्रतिकृती, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई-मुलाचं शिल्प! हे सगळं मुंबईत नाही, पुण्यात नाही, तर एका खेड्यात. म्हणजे देवीला आलेला शेतकरी पोराचा हात धरून आत शिरणार आणि रविवर्मांपुढे उभा राहणार. पुस्तकातल्या टिचभर काळ्यापांढऱ्या फोटोपुढे नव्हे, खऱ्या रंगांपुढे.

याचा मुलांवर काय परिणाम झाला, हे मोजायचं यंत्र काही आपल्या लॅबमध्ये नाही. पण दोन नावं सांगते. ग. दि. माडगूळकर हे औंधच्या शाळेत शिकलेले. ज्या गावात चित्ररामायण तयार झालं, त्याच गावात शिकलेल्या मुलाने १९५५ मध्ये गीतरामायण लिहिलं. दुसरे माधव सातवळेकर. त्यांचे वडील पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे जे. जे.मध्ये शिकलेले चित्रकार आणि वेदांचे अभ्यासक. ते १९१८ मध्ये औंधला येऊन राहिले. माधवराव पुढे नावाजलेले चित्रकार झाले आणि महाराष्ट्राचे कला संचालकही. आपल्यातल्या अनेकांनी दिलेल्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या परीक्षा घेतं ते हेच कला संचालनालय!

बाळासाहेबांनी १९३९ मध्ये आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली. त्या राज्यघटनेला गांधीजींचं मार्गदर्शन होतं. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि १३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेब गेले. राज्य गेलं, संग्रहालय राहिलं. आज ते राज्य शासनाच्या पुरातत्त्व विभागाकडे आहे.

बाळासाहेब फार थोर चित्रकार होते असं काही मी म्हणणार नाही. त्यांच्या चित्रांपेक्षा त्यांनी जमवलेली चित्रं सरस आहेत. पण खेड्यातल्या माणसाला दुय्यम काहीतरी चालेल, असं त्यांनी कधी मानलं नाही. आपण मात्र शिबिरात मुलांना स्वस्तातले खडू आणि वर तोच जुना विषय दिला.

राजूरहून भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालून गेलं की रतनवाडीला अमृतेश्वराचं मंदिर लागतं. काळ्या दगडाचं, पायापासून शिखरापर्यंत कोरलेलं, शेजारी बांधीव पुष्करणी. आमच्या वर्गातली काही मुलं त्याच बाजूची होती. महाशिवरात्रीला ती दर वर्षी तिथे जातात. पण खांबावरचं नक्षीकाम जवळ जाऊन बघायला, बसून कागदावर उतरवायला त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. म्हणजे त्यांचं औंध त्यांच्या दारातच आहे, फक्त हात धरून नेणारं कुणी नाही.

म्हणून पुढच्या शिबिरासाठी माझा एक प्रस्ताव आहे. श्रमदानातला एक दिवस कमी करूया. मुलांना घेऊन रतनवाडीला जाऊया, कागद-पेन्सिल देऊया आणि एकच अट घालूया : समोर जे दिसतंय तेच काढायचं. आपणही त्यांच्याबरोबर काढायचं. कुणास ठाऊक, आपल्या कागदावरचे ते दोन त्रिकोणी डोंगरही एकदाचे पुसले जातील!