कै. शेट जावजी दादाजी

जुन्नरकडील मुलांना कोरलेल्या अक्षरांचें नवल नाहीं. नाणेघाटांतील व लेण्याद्रीवरील ब्राह्मी लेख सुमारें दोन हजार वर्षें ऊनपाऊस सोसून राहिले आहेत. ते कोरणाऱ्या कारागिरांचीं नांवें मात्र लोपलीं. देवनागरी लिपीला छापखान्यांत डौल देणाऱ्या एका कारागिराचें नांव सुदैवानें उरलें आहे.

जावजी दादाजी चौधरी यांचा जन्म 1839 सालीं एका गरीब कुटुंबांत झाला. फारसें शिक्षण न होतांच ते बालवयांत मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यांत नोकरीस लागले. काम हलकें, खिळे घासण्याचें. पण तेथें टॉमस ग्रॅहम हे अक्षरांचे निष्णात कारागीर होते. त्यांची विद्या या मुलानें पाहून पाहून आत्मसात केली. पुढें दुसऱ्या छापखान्यांत अनुभव घेऊन जावजींनीं 1864 सालीं खिळे ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला आणि 1869 सालीं निर्णयसागर छापखाना स्थापिला. राणोजी रावजी आरू हे त्यांचे कुशल सहकारी होते.

बोरूनें लिहिलेल्या बाळबोध अक्षरांत एक रेघ जाड, तर दुसरी बारीक उमटते. अक्षराची शोभा या भेदांतच आहे. इटलींत पार्मा येथें जांबातिस्ता बोदोनी (1740–1813) यांनीं रोमन अक्षरांत हाच भेद पराकाष्ठेस नेला, व मथळ्यांसाठीं तसलीं अक्षरें जगभर मान्य झालीं. देवनागरीचें काम त्याहून बिकट. काना, मात्रा, वेलांट्या, रफार व जोडाक्षरें धरून शेंकडों खिळे लागतात. पोलादावर अक्षर उलटें कोरावें, तो ठसा तांब्यांत ठोकून साचा करावा व त्यांत शिशाचा रस ओतावा. बारीक रेघ फाजील नाजूक झाली तर दाबाखालीं तुटते. जाड झाली तर शाईनें अक्षर बुजतें. ही मर्यादा सांभाळल्यामुळें निर्णयसागरचीं अक्षरें मथळ्यांत ठसठशीत व मजकुरांत सुवाच्य दिसत.

जावजींच्या बालपणीं छापील ग्रंथाला शिवणेंही कित्येक सोंवळ्या लोकांना नको वाटे, कारण शाईंत चरबी असते असा त्यांचा समज होता. त्याच शतकांत, 1886 पासून, पंडित दुर्गाप्रसाद व काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादकत्वाखालीं निर्णयसागरनें काव्यमाला काढली, आणि पोथ्यांत अडकलेलीं संस्कृत काव्यें पंडितांच्या हातीं शुद्ध छापील रूपानें पडूं लागलीं. ज्याला स्वतः शाळेंत फार काळ बसतां आलें नाहीं, त्यानें विद्वानांची अशी सोय केली.

जावजी 1892 सालीं निवर्तले. त्यांचें कार्य पुत्र तुकाराम जावजी यांनीं पुढें चालविलें. आज खिळ्यांची जागा संगणकानें घेतली आहे, तरी नवीं अक्षरें घडविणारे कलावंत निर्णयसागरचे जुने नमुने समोर ठेवतात. हलकें म्हणून सोंपविलेलें काम डोळे उघडे ठेवून करणाराला त्यांतूनच विद्या लाभते, हें या चरित्रावरून आपण ध्यानीं घ्यावें.